सिलियाक असलेल्या मुलांच्या शिक्षकांना आणि मुख्याध्यापकांना खुलं पत्र

नमस्कार सर, नमस्कार मॅडम,

मी सिलियाक नावाचा आजार असलेल्या एका मुलीची आई. हे पत्र कुठल्या एका शाळेला नाहीये, ज्यांच्या वर्गात असं मूल बसतं त्या सगळ्यांना आहे, आणि खरं सांगायचं तर ज्यांच्या वर्गात असं मूल बसलंय पण अजून कुणालाच पत्ता नाही त्यांना जरा जास्तच आहे. जगभरात साधारण शंभरात एकाला हा आजार असतो आणि त्यातल्या कितीतरी जणांचं निदानच झालेलं नसतं. हजार मुलांची शाळा असेल तर आठ-दहा मुलं असायची शक्यता, त्यातली तुम्हाला माहीत असतील एखाद-दोन. बाकीची रोज तुमच्या समोरच बसतात, फक्त त्यांच्या प्रगतिपुस्तकात आजाराचं नाव नसतं, शेरा असतो. लक्ष देत नाही. हुशार आहे पण आळस करते. फार चिडचिड करतो.

मला या शेऱ्यांबद्दल बोलायचंय, आणि वर्गातल्या खाऊबद्दल. बाकी डॉक्टर बघतील, आम्ही आई-बाप बघू, पण या दोन गोष्टी तुमच्याच हातात आहेत आणि मुलाचे शाळेतले दिवस कसे जातात हे बरंचसं या दोन गोष्टींवर ठरतं.

आधी थोडक्यात आजार, कारण "अच्छा, गव्हाची ॲलर्जी ना" असं मला इतक्यांदा ऐकायला मिळालंय की आता मी घाईघाईने हो म्हणून पुढे जाते, पण तुम्हाला नीट सांगते. ही ॲलर्जी नाही. सिलियाक हा ऑटोइम्यून आजार आहे, म्हणजे गहू, जव आणि राय या धान्यांमधलं ग्लुटेन नावाचं प्रथिन पोटात गेलं की शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती लहान आतड्याच्या आतल्या अस्तरावर हल्ला करते. त्या अस्तरावर टर्किश टॉवेलच्या धाग्यांसारखे बारीक उभे तंतू असतात, व्हिलाय म्हणतात त्यांना, अन्नातलं सगळं सत्त्व तिथून आत शोषलं जातं. हे तंतू झिजून सपाट झाले की मूल पोटभर जेवतं पण अंगाला काही लागत नाही. इंजेक्शन घेऊन धावायची वेळ यात येत नाही, त्यामुळे लोकांना वाटतं फार काही गंभीर नसावं. नुकसान आत चालू असतं आणि कित्येकदा बाहेर काहीच दिसत नाही, पोटसुद्धा दुखत नाही.

आणि हो, हा आजार फक्त हडकुळ्या, जुलाब होणाऱ्या मुलांनाच असतो हे डोक्यातून काढून टाका. बद्धकोष्ठता असलेली, वजन व्यवस्थित असलेली, फक्त उंची वाढत नाहीये किंवा हिमोग्लोबिन औषध देऊनही वर येत नाहीये किंवा दातांचं इनॅमल खराब आहे एवढंच कारण असलेली मुलंही यात निघतात.

आता डोक्याचं.

लोह शोषलं जातं ते मुख्यतः लहान आतड्याच्या अगदी सुरुवातीच्या भागात, आणि सिलियाकमध्ये सगळ्यात जास्त मार बसतो तो नेमका तिथेच. लोह म्हणजे फक्त रक्ताचा लालपणा नाही, मेंदूत डोपामिन नावाचं रसायन तयार व्हायला लोह लागतं, मज्जातंतूंवरचं आवरण बनायलाही लागतं. ते कमी पडलं की मुलाचं लक्ष टिकत नाही, वाचलेलं डोक्यात राहत नाही, उत्तर यायला वेळ लागतो. त्यात फोलेट कमी, झिंक कमी, ड जीवनसत्त्व कमी, पोट अस्वस्थ, रात्रीची झोप तुटक, आणि सकाळी पहिल्या तासाला आपण त्याला विचारतो की बाबा रे तुझं लक्ष कुठे आहे.

मोठी माणसं याला ब्रेन फॉग म्हणतात, डोक्यात धुकं भरल्यासारखं वाटतं. मोठ्या माणसाला निदान सांगता तरी येतं. आठ वर्षांच्या मुलाला कसं सांगता येणार, त्याला तर वाटतं सगळ्यांना असंच होत असेल आणि मीच ढ आहे. माझी मुलगी निदानाच्या आधीच्या काळात गणिताचं शाब्दिक उदाहरण वाचायची, परत वाचायची, बोट ठेवून तिसऱ्यांदा वाचायची, आणि शेवटच्या ओळीवर पोचेपर्यंत पहिल्या ओळीतला आकडा तिच्या हातातून निसटलेला असायचा. मग ती पेन्सिलीने वहीच्या कोपऱ्यात छोटे छोटे चौकोन काढत बसायची. बाईंना दिसायचे ते चौकोन. वहीत लाल पेनाने "टाइमपास" असं लिहून आलेलं मला अजून आठवतं. बाईंचा राग नाही हो, त्यांना जे दिसलं ते त्यांनी लिहिलं, चाळीस मुलांच्या वर्गात कुणीही तेच लिहिलं असतं, मुद्दा हा की ते चौकोन म्हणजे टाइमपास नव्हता.

इथे मला एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, कारण इंटरनेटवर दोन्ही बाजूंनी फार बढाचढाके लिहिलं जातं. सिलियाक असलेली मुलं बुद्धीने कमी असतात असं अजिबात नाही. वेळेत निदान झालं, आहार नीट पाळला गेला, लोह भरून आलं की यातली बहुतेक मुलं इतरांसारखीच शिकतात. आणि ग्लुटेन बंद केलं की प्रत्येक मुलाचे मार्क वाढतात असंही नाही, ज्या मुलाला सिलियाक नाही त्याचं गहू बंद करून डोकं काही तल्लख होत नाही. २०१४ साली ऑस्ट्रेलियात नव्याने निदान झालेल्या मोठ्या माणसांवर एक छोटा अभ्यास झाला होता, छोटा म्हणजे अगदी ११ जणांचा, त्यांना वर्षभर ग्लुटेनमुक्त आहारावर ठेवून स्मरणशक्ती, लक्ष वगैरेच्या चाचण्या घेतल्या, तर आतडं जसजसं भरून आलं तसतशा चाचण्याही सुधारल्या. ११ माणसं म्हणजे काही फार नाहीत आणि ती लहान मुलंही नव्हती, पण ज्या घरात हे डोळ्यासमोर घडलंय त्यांना यात नवल वाटणार नाही.

वागणुकीबद्दल मात्र मुलांवरचेच मोठे अभ्यास आहेत. टेडी नावाच्या एका अभ्यासाने अमेरिका, फिनलंड, जर्मनी आणि स्वीडनमधल्या मुलांचा जन्मापासून मागोवा घेतला. त्यातून २०१७ साली जे प्रसिद्ध झालं ते मी वाचलं तेव्हा थोडा वेळ गप्पच बसले. साडेतीन वर्षांची मुलं, रक्तात सिलियाकची अँटिबॉडी (प्रतिकारशक्ती तयार करते ते प्रथिन) आलेली, पण आईला अजून माहीतच नाही. अशा आयांनी मुलाबद्दल जे फॉर्म भरले त्यात भीती, उदासपणा, आक्रस्ताळेपणा, झोपेच्या तक्रारी जास्त निघाल्या. म्हणजे "माझं मूल आजारी आहे" हे डोक्यात ठेवून कुणी लिहिलेलं नव्हतं, त्या बिचाऱ्या आपलं मूल जसं दिसतंय तसं लिहीत होत्या. त्याच वर्षी स्वीडनमधल्या आरोग्य नोंदींवरून असंही दिसलं की सिलियाक असलेल्या मुलांना पुढे मानसिक त्रासाचं निदान होण्याचा धोका इतर मुलांच्या सुमारे १.४ पट आहे, आणि त्यांच्या सख्ख्या भावंडांमध्ये मात्र तो वाढलेला नाही. म्हणजे घरचं वळण, आई-बापाचे लाड, संस्कार वगैरे जे आपण पटकन बोलून जातो ना, त्याने हे नीट समजत नाही, कारण भावंडं तर त्याच घरात वाढतात.

म्हणून माझी पहिली विनंती. एखादं मूल सारखं थकलेलं आहे, खेळाच्या तासाला कोपऱ्यात बसतंय, आधी येत होतं ते आता येईनासं झालंय, वयाच्या मानाने बुटकं राहिलंय, पोट दुखतं म्हणून सारखं घरी जातंय, तर शेरा लिहायच्या आधी पालकांना फोन करा आणि एवढंच सांगा की एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या, रक्त तपासा. टीटीजी आयजीए नावाची साधी रक्ततपासणी असते, सोबत एकूण आयजीए (आयजीए हा अँटिबॉडीचा एक प्रकार) बघतात, सुरुवात तिथून होते. घरात आई-वडील किंवा भावंडाला सिलियाक असेल, मुलाला टाइप १ डायबेटिस किंवा थायरॉइडचा ऑटोइम्यून त्रास किंवा डाउन सिंड्रोम असेल तर शक्यता आणखी वाढते. पण कृपा करून "गहू बंद करून बघा" असा सल्ला देऊ नका. चांगल्या मनाने दिलेला हा सल्ला सगळा घोळ करतो, कारण ग्लुटेन बंद केल्यावर अँटिबॉडी खाली येतात, आतडं भरायला लागतं, मग तपासणी केली तर निगेटिव्ह येऊ शकते आणि मूल अधांतरी लटकतं. आधी तपासणी, मग आहार, हा क्रम उलटा करायचा नाही.

आता दुसरा भाग, ज्या मुलांचं निदान झालंय त्यांचा. इथे आजार कमी आणि माणसंच जास्त त्रास देतात असं माझं मत झालंय.

या आजाराला गोळी नाही, आजच्या घडीला उपचार एकच, आयुष्यभर ग्लुटेन पूर्ण बंद. हेही आपल्याला तसं उशिराच कळलं, १८८८ साली सॅम्युअल गी या इंग्लिश डॉक्टरने आजाराचं वर्णन केलं तेव्हा त्याला एवढं जाणवलं होतं की बरं व्हायचं असेल तर ते आहारानेच, पण नेमकं काय काढायचं ते माहीत नव्हतं. ते शोधलं विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञाने. त्याला गव्हाचा संशय आधीपासून होता, १९४४-४५ च्या हिवाळ्यात युद्धामुळे नेदरलँड्समध्ये उपासमार झाली, ब्रेड मिळेनासा झाला, आणि त्याची ही पेशंट मुलं सगळा देश भुकेला असताना सुधारली, ब्रेड परत आल्यावर परत आजारी पडली. १९५० साली त्याने हे प्रबंधात मांडलं. त्याच्या आधी यातली कितीतरी मुलं जगतच नव्हती. त्यामुळे आम्ही पालक ब्रेडच्या चुऱ्यावरून कटकट करतो तेव्हा आम्हाला हौस असते असं समजू नका.

चुरा म्हणजे किती ते सांगते. बहुतेकांना दिवसाला १० मिलिग्रॅमच्या आत ग्लुटेन गेलं तर चालतं असं धरतात, आणि ब्रेडच्या एका स्लाइसमध्ये ग्लुटेन असतं २ ग्रॅम किंवा त्याहून जास्त. म्हणजे त्या स्लाइसचा फार तर दोनशेवा भाग. "एवढ्याशाने काय होतंय" याचं उत्तर हे आहे. पाकिटावर ग्लुटेन फ्री लिहायचं असेल तर आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे एका किलोत २० मिलिग्रॅमच्या वर ग्लुटेन चालत नाही, इतका बारीक हिशोब आहे.

पण घाबरून जायचीही गरज नाही, आणि हे मला तुम्हाला आवर्जून सांगायचंय कारण घाबरलेले शिक्षक मुलाला सरळ बाजूला बसवतात. २०२० साली अमेरिकेतल्या काही संशोधकांनी शाळेतल्याच गोष्टी तपासल्या, मुलं खेळायचा रंगीत मऊ गोळा (प्ले-डो) वापरतात ना, मैद्याची खळ लावून कागदाच्या लगद्याचं काम करतात, वर्गात बेकिंग करतात, पास्त्याशी खेळतात, ते सगळं. खेळायच्या गोळ्यात गहू असतो तरी हाताला फारसं ग्लुटेन लागत नाही असं निघालं, कोरड्या पास्त्याचंही तसंच. पण खळीचं काम, बेकिंग आणि शिजवलेला पास्ता यांतून हाताला भरपूर लागतं. आणि ते काढायला सगळ्यात चांगलं काय, तर साबण आणि पाणी. ओल्या वाइप्सने पुसणं त्यापुढे कमी पडतं, आणि सॅनिटायझर तर जंतूंसाठी असतो, ग्लुटेन काही जंतू नाही. म्हणजे चित्रकलेच्या तासाला माझ्या मुलीला बाहेर काढायचं काहीच कारण नाही, खळीच्या ऐवजी साधा गोंद घ्या आणि तास संपल्यावर सगळ्या वर्गाला हात धुवायला पाठवा. सगळ्या वर्गाला, तिला एकटीला नव्हे.

हे "एकटीला" फार महत्त्वाचं आहे. नेदरलँड्समध्ये सिलियाक असलेल्या ८ ते १८ वर्षांच्या मुलांसाठी एक प्रश्नावली तयार केलीये, सीडीडक्स म्हणतात, अगदी छोटी, मुलाने उत्तर द्यायचं ते हसऱ्या-रडव्या चेहऱ्यांवर खूण करून. त्यात पोटदुखी किती, जुलाब किती असलं काही नाही, बाकीच्यांना चालतं ते आपल्याला चालत नाही तेव्हा कसं वाटतं, आजाराबद्दल इतरांशी बोलताना कसं वाटतं, आयुष्यभर हे पथ्य पाळायचंय याचं काय वाटतं, असं सगळं आहे. ज्यांनी ती बनवली त्यांना बरोबर कळलं होतं की आतडं भरून आल्यावर मुलाला दुखतं ते इथे. आणि एक गंमत, अशा प्रश्नावल्यांमध्ये आई-वडील बऱ्याचदा मुलापेक्षा जास्त रडवे चेहरे निवडतात. आम्ही मुलांपेक्षा जास्त खचलेलो असतो, ते घरी मान्य करते आता मी. त्यामुळे शाळेत आमच्या चेहऱ्याकडे बघून मुलाची दया करू नका, मुलालाच विचारा.

वाढदिवसाचं उदाहरण घ्या. वर्गात केक येतो. एका मॅडमनी, अगदी काळजीपोटी, मोठ्या आवाजात सांगितलं की हिला देऊ नका रे, हिला आजार आहे, आणि मग तिच्या हातात एक खोडरबर दिला. तिने तो खोडरबर घरी आणून माझ्यासमोर टेबलावर ठेवला आणि म्हणाली, आई, सगळे खात होते आणि मी खोडरबर धरून बसले होते. दुसऱ्या एका वर्षीच्या मॅडमनी पालकसभेतच मला विचारलं की हिला चालणारं, टिकणारं काहीतरी एका डब्यात भरून देता का, माझ्या कपाटात ठेवते. खाऊ वाटायची वेळ आली की त्या काही न बोलता कपाट उघडायच्या आणि रांगेत तिचा नंबर आला की तिच्या हातात तिचा खाऊ पडायचा, सगळ्यांच्या बरोबर, त्याच रांगेत. त्या वर्षी ती एकदाही म्हणाली नाही की मला वाढदिवसाला शाळेत जायचं नाही. खर्च शून्य, मीटिंग शून्य, परिपत्रक नाही काही नाही.

अजून चांगलं करायचं असेल तर वर्गात वाढदिवसाला खाण्याऐवजी दुसरं काहीतरी ठेवा, पण सगळ्या शाळांना ते जमेल असं नाही, आणि इतर मुलांचा आनंद आमच्यामुळे गेला असंही आम्हाला नकोय, उलट मग तीच मुलं आमच्या मुलांवर राग काढतात. कळवा फक्त. सहल असेल, गॅदरिंग असेल, विज्ञानाच्या तासाला काही शिजवणार असाल, दोन दिवस आधी एक मेसेज टाका, बाकी आम्ही करतो.

मोठ्या वर्गांच्या शिक्षकांना थोडं वेगळं सांगते. तेरा-चौदाच्या पुढे ही मुलं लपवायला लागतात. मित्रांबरोबर बाहेर गेल्यावर "मला चालत नाही" म्हणायची लाज वाटते, मग थोडंसं खाल्लं जातं, आणि त्या वेळी काही झालं नाही की मुलाला वाटतं आई उगाच करते. मध्येच मार्क घसरले, परत थकवा, परत चिडचिड, तर अभ्यासाबद्दल झापायच्या आधी हेही डोक्यात असू द्या. त्याला वर्गासमोर विचारू नका आणि आम्हाला चहाडी केल्यासारखंही सांगू नका, एकट्याला गाठून "तब्येत बरी आहे ना" एवढं विचारलंत तरी खूप आहे, या वयात आई-बापापेक्षा सरांचं ऐकलं जातं.

बाथरूमबद्दल दोन ओळी, कारण यावरून फार छळ होतो. चुकून ग्लुटेन गेलं तर काही मुलांना दोन-तीन तासांत उलट्या होतात, काहींना पोटात कळा येतात, काहींना दुसऱ्या दिवशी नुसतं सुन्न वाटतं. अशा मुलाला परवानगी मागायला लावू नका, सरळ जाऊ द्या. आणि परीक्षेच्या दिवशी असं झालं तर फेरपरीक्षेसाठी डॉक्टरांचं त्याच दिवसाचं सर्टिफिकेट मागू नका, निदानाचा कागद वर्षाच्या सुरुवातीला आम्ही दिलेला असतो तो पुरे धरा. उलट्या करणाऱ्या मुलाला घेऊन दवाखान्यात रांग लावायची ते फक्त ऑफिसातल्या फाइलसाठी, हे कुणालाच शोभत नाही.

मुख्याध्यापकांनो, तुमच्याकडे मागणं थोडकं आहे. प्रवेशाच्या फॉर्मवर ॲलर्जीचा रकाना असतो, त्याच्या शेजारी आहाराच्या पथ्याचा वेगळा रकाना टाका, म्हणजे आम्हाला सिलियाक ॲलर्जीत कोंबावा लागणार नाही. तो कागद वर्गशिक्षकांपुरता न ठेवता पीटी, चित्रकला आणि बदली शिक्षकांपर्यंत पोचू द्या, घोळ नेहमी बदली शिक्षकांच्या दिवशीच होतो. शाळेत जेवण मिळत असेल तर वाढायचा चमचा वेगळा, टोस्टर वेगळा, आणि त्या मुलाचं ताट आधी वाढा, बाकीच्यांचं नंतर, कारण नंतर सगळीकडे सांडलेलं असतं. आणि हात धुवायच्या जागी साबण ठेवा. किती शाळांमध्ये तो नसतो हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

तुमची,
एक पालक